रेकॉर्डिंग झालं, पण फाइल मुकी: कॉम्प्युटरचा आवाज टिपायला कुठलं फुकट सॉफ्टवेअर घ्यावं आणि ते अधूनमधून का फसतं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. ऑनलाइन क्लास लावला, लाल बटण दाबलं, तासभर घड्याळ पुढे सरकताना दिसत होतं, फाइलही तयार झाली. वाजवून बघितली तर ठार शांतता. नाहीतर आवाज आहे, पण विहिरीतून आल्यासारखा, आणि त्याच्या मागे पंखा, कुकरच्या शिट्ट्या आणि गल्लीतून ओरडत गेलेला भंगारवाला. मग ते सॉफ्टवेअर काढून टाकायचं, दुसरं उतरवायचं. ते काही दिवस बरं चालतं आणि नेमक्या महत्त्वाच्या लेक्चरला पुन्हा तोच प्रकार.

लालबाग-परळच्या आमच्या भागात हे विचारणारे नाना तऱ्हेचे लोक आहेत. गाण्याच्या ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या बाई, सीएची तयारी करणारी मुलं, आकाशवाणीची अस्मिता वाहिनी नेटवर ऐकून त्यातलं नाट्यसंगीत जपून ठेवू पाहणारे काका. नोकरदारांचं कारण आणखी साधं. दादरला विरार गाडीत चढलं की नेट कधी असतं, कधी नसतं. त्यापेक्षा व्याख्यान एमपी३ करून फोनमध्ये घातलेलं बरं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: फुकटातलं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?

नावं सांगतो, पण नावाने हा प्रश्न सुटत नाही. मुकी फाइल देणारं सॉफ्टवेअर सहसा धडधाकट असतं, फक्त भलत्याच ठिकाणी कान लावून बसलेलं असतं. कॉम्प्युटरमध्ये आवाज माइकमधून आत येतो आणि स्पीकर किंवा हेडफोनमधून बाहेर जातो. जवळपास प्रत्येक रेकॉर्डर सुरुवातीला माइकवर लावलेला असतो. आपल्याला हवा असतो बाहेर जाणारा आवाज. तो कुठून उचलायचा हे सांगता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी या कामाचं नाही. विंडोजबरोबर येणारा साधा साउंड रेकॉर्डर म्हणूनच इथे बाद होतो.

आधी टकटक करून बघा

काहीही नवीन उतरवण्याआधी हे करा. एखादं गाणं लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि कीबोर्डच्या शेजारी लॅपटॉपच्या अंगावर नखाने तीन-चार वेळा टकटक करा. थांबवा, ऐका.

टकटक ऐकू आली तर रेकॉर्डर माइक ऐकतोय. गाणं आलेलं असलं तरी ते स्पीकरमधून निघून, खोलीत फिरून, माइकमधून परत आत शिरलेलं आहे. पंखा आणि भंगारवाला तिथूनच येतात. हेडफोन लावल्याबरोबर आवाज गायब होतो तोही याच कारणाने: खोलीत आवाजच नाही, माइक ऐकणार काय?

टकटक नाही, गाणंही नाही आणि पडद्यावरची रेघ सपाट, तर रेकॉर्डर बहुधा बाहेर जाणारा आवाजच ऐकतोय, पण वेगळ्या उपकरणाचा. गाणं हेडफोनला चाललंय आणि हा लॅपटॉपच्या स्पीकरकडे बघत बसलाय. वारंवार येणारी तक्रार ती हीच, त्यामुळे तिच्याकडे नंतर सविस्तर येतो.

टकटक नाही आणि गाणं स्वच्छ, तर तुमचं काम झालेलं आहे. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

नुसतं ऐकलेलं टिपायचं असेल तर ऑडॅसिटी

वेबिनार, रेडिओ, व्याख्यान, जिथे तुम्ही स्वतः बोलणार नाही, तिथे मी डोळे झाकून ऑडॅसिटी सांगतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात हे काम सुरू झालं आणि २००० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला, जाहिराती नाहीत, वेळेची मर्यादा नाही. २०२१ मध्ये ते म्यूझ ग्रुपकडे गेलं तेव्हा प्रायव्हसी पॉलिसीच्या मजकुरावरून बराच गदारोळ झाला होता. मजकूर नंतर बदलला. मी ते आजही वापरतो.

विंडोजवर सेटिंग असं. वरच्या पट्टीत 'ऑडिओ सेटअप' नावाचं बटण आहे (आवृत्ती ३.२ पासून). त्यात 'होस्ट' म्हणून आधी 'एमएमई' निवडलेलं असतं, ते बदलून 'विंडोज वासापी' करा. मग 'रेकॉर्डिंग डिव्हाइस'च्या यादीत माइकच्या नावांबरोबर स्पीकर आणि हेडफोनची नावंही दिसू लागतात आणि त्यांच्यापुढे 'लूपबॅक' असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्या उपकरणाकडे बाहेर जाणारा आवाज. आत्ता ज्यातून आवाज ऐकू येतोय त्याचं लूपबॅक निवडा. 'रेकॉर्डिंग चॅनल्स' दोन, म्हणजे स्टिरिओ. इतकंच. होस्ट एमएमईच ठेवला तर लूपबॅक यादीत येतच नाही, आणि लोक तिथेच 'यात ही सोय नाही' म्हणून सोडून देतात.

लूपबॅकमध्ये आवाज डिजिटल स्वरूपातच उचलला जातो, त्यामुळे खरखर, गुणगुण मध्ये शिरत नाही. त्याच्या काही खोडी मात्र माहीत हव्यात. काहीच वाजत नसेल तर रेकॉर्डिंगची रेघ बहुधा जागच्या जागी थांबते. वक्ता सुरू झाला की पुढे सरकते. हा बिघाड नव्हे. ब्राउझरमधल्या प्लेअरचा स्वतःचा व्हॉल्यूम कमी ठेवलात तर रेकॉर्डिंगही बारीक येतं, म्हणून तो भरपूर ठेवा. आणि जे जे वाजेल ते ते आत जातं: व्हॉट्सअॅपचं टिंग, बॅटरी संपल्याची सूचना, दुसऱ्या टॅबमधली जाहिरात. सुरू करण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा.

दोन खुणा तपासायच्या राहतात. 'सॉफ्टवेअर प्लेथ्रू'ची (नव्या आवृत्त्यांत 'एनेबल ऑडिबल इनपुट मॉनिटरिंग') टिक असेल तर काढा, नाहीतर आवाज फिरून फिरून घुमत राहतो. आणि एकाच प्रोजेक्टमध्ये दुसरं रेकॉर्डिंग करताना आधीचं त्यात मिसळलेलं ऐकू आलं, तर 'ट्रान्सपोर्ट ऑप्शन्स'मध्ये जाऊन रेकॉर्ड करताना बाकीचे ट्रॅक ऐकवण्याची सोय बंद करा. प्रत्येक व्याख्यानाला नवी विंडो उघडली तर हा प्रश्नच येत नाही.

जुने लेख वाचून अजूनही लोक एमपी३ साठी 'लेम' नावाची वेगळी फाइल शोधत हिंडतात. २०१९ च्या २.३.२ पासून ती ऑडॅसिटीतच आहे. सरळ एक्स्पोर्ट करा.

तुमचं बोलणंही हवं असेल तर ओबीएस

लूपबॅकमध्ये फक्त समोरच्यांचा आवाज येतो. गाण्याच्या बाईंनी क्लास रेकॉर्ड केला तर त्यात विद्यार्थिनी गाताना ऐकू येतील, बाई स्वतः नाहीत, कारण बाईंचा आवाज माइकमधून थेट नेटवर जातो, त्यांच्या स्पीकरला येत नाही. ऑडॅसिटी एका वेळी एकाच उपकरणाचं ऐकते. म्हणून इथे ओबीएस स्टुडिओ.

ओबीएस गेम खेळणाऱ्यांनी प्रसिद्ध केलं, त्यामुळे पहिल्यांदा उघडलं की त्याची ती कॉकपिटसारखी मांडणी बघूनच माणूस घाबरतो. आपल्याला त्यातला फक्त खालचा 'ऑडिओ मिक्सर' लागतो. 'डेस्कटॉप ऑडिओ' म्हणजे बाहेर जाणारा आवाज, 'माइक' म्हणजे तुमचा. दोन्हींच्या पट्ट्या हलताना दिसल्या की दोन्ही येताहेत. बोलणं पिवळ्यापर्यंत जाऊ द्या, लाल टेकू देऊ नका. 'अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये डेस्कटॉपला एक ट्रॅक आणि माइकला दुसरा दिला, आणि सेटिंगमध्ये आउटपुट 'अॅडव्हान्स्ड' करून ते दोन्ही ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी टिक केले, तर बाईंचा खोकला नंतर विद्यार्थिनीच्या आलापाला धक्का न लावता काढता येतो. असे सहा ट्रॅक मिळतात.

२०२२ च्या आवृत्ती २८ पासून एकाच प्रोग्रामचा आवाज उचलायची सोयही ओबीएसमध्ये आहे, 'अॅप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर'. फक्त झूम निवडा, व्हॉट्सअॅप कितीही वाजू दे. हे लावल्यावर डेस्कटॉप ऑडिओ म्यूट करायला विसरू नका, नाहीतर तोच आवाज दुप्पट येतो.

गैरसोय अशी की ओबीएस मुळात व्हिडिओचं सॉफ्टवेअर आहे, काळा पडदा का होईना पण व्हिडिओ करतंच. फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला तरी तोवरचं एमकेव्ही वाजतं. साधी एमपी४ अर्ध्यावर तुटली तर बहुधा उघडतच नाही. नंतर व्हीएलसी या फुकट प्लेअरच्या 'कन्व्हर्ट' मधून एमपी३ करून घ्या.

तीच तक्रार पुन्हा पुन्हा का येते

परवा चाललेलं आज का चालत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा तुमच्या गळ्यात किंवा कानात असतं. परवा लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत होतात, आज ब्लूटूथ इअरफोन लावलेत. विंडोजने नवं उपकरण दिसताच सगळा आवाज तिकडे वळवला. ऑडॅसिटी मात्र परवा निवडलेल्या स्पीकरच्या लूपबॅकवरच बसून आहे. स्पीकरला आता काही जातच नाही, मग फाइलमध्ये काय येणार?

ऑडॅसिटी उघडी असताना हेडफोन जोडलात तर तो तिच्या यादीत दिसतही नाही. 'ऑडिओ सेटअप' मध्येच 'रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस' आहे, ते दाबा आणि नवं लूपबॅक निवडा. सर्वात उत्तम सवय म्हणजे आधी हेडफोन, मग सॉफ्टवेअर. ओबीएसमध्ये डेस्कटॉप ऑडिओ 'डिफॉल्ट'वर ठेवला तर तो विंडोजच्या मागोमाग जातो, म्हणून सतत हेडफोन बदलणाऱ्याला मी ऑडॅसिटीपेक्षा ओबीएसच सुचवतो, जड असलं तरी.

याचीच दुसरी तऱ्हा मीटिंगच्या अॅपमध्ये. झूम किंवा टीम्समध्ये स्पीकर वेगळा निवडता येतो. विंडोज स्पीकरवर, झूम हेडसेटवर. यूट्यूब लावून चाचणी घेतली तर झकास, आणि क्लास मुका. म्हणून चाचणी ज्या अॅपचा आवाज हवा त्यातच घ्यायची. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'टेस्ट स्पीकर' आहे, ती धून रेकॉर्ड होते का ते बघा. विंडोज १० आणि ११ च्या व्हॉल्यूम मिक्सरमध्येही प्रत्येक अॅपचं आउटपुट वेगळं ठेवता येतं. कधीतरी कुणीतरी तिथे बोट लावून ठेवलेलं असतं आणि घरात कुणालाच आठवत नाही.

ब्लूटूथची गोष्ट इथेच. संगीत ऐकताना ब्लूटूथ इअरफोन एकतर्फी स्टिरिओ जोडणी वापरतो, आवाज छान असतो. त्याचाच माइक वापरायला घेतला की तो फोनवर बोलण्याच्या जोडणीवर जातो: मोनो, आणि नमुने सेकंदाला ८ किंवा १६ हजार, जिथे सीडीवर ४४,१०० असतात. तो विहिरीतला आवाज हा. विंडोज १० मध्ये एकाच इअरफोनची 'हेडफोन्स' आणि 'हेडसेट' अशी दोन नावं दिसतात, ११ मध्ये एकच, त्यामुळे तिथे बदल कधी झाला ते कळत नाही. उपाय सोपा आहे. झूममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा आणि इअरफोन फक्त ऐकायला ठेवा. गाण्याच्या क्लासला तर वायरचा हेडफोनच वापरा, ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो तो त्रासही वाचतो.

बाईंचीच आणखी एक तक्रार: क्लास सुरू झाला की कॉम्प्युटरवरचा तानपुरा आपोआप बारीक होतो, रेकॉर्डिंगमध्येही. विंडोजला कॉल सुरू झालासा वाटला की ते बाकीचे आवाज ८० टक्के कमी करतं, मूळ सेटिंगच तसं आहे. जुन्या साउंड पॅनेलमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे, तिथे 'डू नथिंग' निवडा. हे पॅनेल नव्या सेटिंगमध्ये शोधत बसू नका; विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून इंग्रजीत एम-एम-एस-वाय-एस, डॉट, सी-पी-एल टाइप करा, थेट उघडतं.

लूपबॅकच मिळत नसेल, किंवा एरर येत असेल

'इनव्हॅलिड सॅम्पल रेट' असं काही आलं तर एका ठिकाणी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि दुसऱ्या ठिकाणी ४८,००० असतात. त्याच पॅनेलमध्ये आउटपुटवर डबल क्लिक करून 'अॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये जो आकडा आहे तोच ऑडॅसिटीच्या प्रोजेक्टला द्या.

काही म्युझिक प्लेअर साउंड कार्ड पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतात, 'एक्सक्लुझिव्ह मोड' म्हणतात त्याला. अशा वेळी लूपबॅकला काहीच मिळत नाही. प्लेअरमधली ती सोय बंद करा.

इंटरनेटवर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे 'स्टिरिओ मिक्स'. पॅनेलच्या 'रेकॉर्डिंग' टॅबमध्ये मोकळ्या जागी राइट क्लिक, 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस', मग 'इनेबल'. रिअलटेक कंपनीच्या साउंड चिपवर बऱ्याचदा मिळतो. तो फक्त त्या चिपमधून जाणाराच आवाज ऐकतो. यूएसबी हेडसेट, ब्लूटूथ किंवा एचडीएमआयने टीव्हीला जाणारा आवाज त्याला कळत नाही. माझ्या मते लूपबॅक चालत असताना याच्या वाट्याला जाण्यात अर्थ नाही. जायचंच असेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अॅपना माइकची परवानगी आहे ना ते बघा, कारण विंडोजच्या लेखी स्टिरिओ मिक्स हा माइकच.

मॅकवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथे क्विकटाइम माइकच टिपतो, आणि ऑडॅसिटीत लूपबॅक दिसत नाही. 'ब्लॅकहोल' नावाचा मोफत ड्रायव्हर टाका, 'ऑडिओ मिडी सेटअप' मध्ये ब्लॅकहोल आणि हेडफोन मिळून एक 'मल्टी-आउटपुट डिव्हाइस' बनवा, आउटपुट ते ठेवा आणि रेकॉर्डरमध्ये ब्लॅकहोल निवडा. मल्टी-आउटपुटवर कीबोर्डवरून व्हॉल्यूम बदलत नाही, आधीच ठरवून ठेवा. मॅकओएस १३ किंवा पुढचं असेल तर ओबीएसला ड्रायव्हरशिवायही आवाज मिळतो. लिनक्सवर 'मॉनिटर' नावाचा इनपुट शोधा, तोच लूपबॅक.

फाइल किती मोठी

जुन्या लॅपटॉपवर हार्ड डिस्क भरून रेकॉर्डिंग मध्येच थांबल्याच्या घटना कमी नाहीत. १६ बिट स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला सुमारे ६३५ एमबी घेते. ऑडॅसिटी काम करताना मूळ सेटिंगनुसार ३२ बिट वापरते, म्हणजे याच्या दुप्पट, सव्वा जीबीच्या पुढे. एमपी३ मात्र १२८ केबीपीएसला तासाभराची ५८ एमबीच्या आसपास बसते आणि नुसतं बोलणं असेल तर मोनो ६४ ला त्याच्या निम्मी. गाडीत ऐकायच्या व्याख्यानाला ते पुरतं. नाट्यसंगीताला १९२ च्या खाली जाऊ नका. आणि लॅपटॉप मध्येच झोपू नये म्हणून 'स्लीप' बंद ठेवा, चार्जर लावलेला असला तरी.

फुकट म्हणजे किती फुकट

'फ्री ऑडिओ रेकॉर्डर' शोधल्यावर वर येणाऱ्या बऱ्याच गोष्टी काही मिनिटांनी थांबतात आणि पैसे मागतात, किंवा इन्स्टॉल होताना ब्राउझरचं सर्च इंजिन बदलून टाकतात. ऑडॅसिटी ऑडॅसिटीटीम डॉट ऑर्ग वरून आणि ओबीएस ओबीएसप्रोजेक्ट डॉट कॉम वरूनच घ्या. 'डाउनलोड'ची पाच हिरवी बटणं असलेल्या साइटवरून नको. लॅमिंग्टन रोडला फॉरमॅट मारून देणारे कधी कधी 'सगळं टाकून देतो' म्हणतात, त्यांनाही हे दोन स्वतः टाकेन म्हणून सांगा.

ऑफिसचा लॅपटॉप असेल आणि काहीच इन्स्टॉल करू देत नसेल, तर विंडोज ११ च्या 'स्निपिंग टूल'ची स्क्रीन रेकॉर्डिंग बघा. २०२३ पासून त्यात कॉम्प्युटरचा आवाजही घेता येतो. मात्र ऑफिसच्या मीटिंगा रेकॉर्ड करायला आयटीवाल्यांची आणि समोरच्यांची परवानगी घ्या. क्लासलाही सुरुवातीलाच 'रेकॉर्ड करतोय' एवढं सांगावं. रेडिओवरचं गाणं किंवा विकत घेतलेल्या कोर्सचं लेक्चर स्वतःच्या अभ्यासासाठी, ऐकण्यासाठी ठेवणं वेगळं आणि ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे ती खाजगी, वैयक्तिक वापराच्या रास्त व्यवहाराला.